गोलंदाजी आमची, कप्तानी त्यांची

गेल्या वर्षी कला शाखेच्या द्वितीय वर्षाला मी १९३७ च्या निवडणुका शिकवीत होतो. स्वतंत्र मजूर पक्षाची १९३६ सालची स्थापना, आपल्या नगर जिल्ह्यातून निवडून आलेले प्रभाकर रोहम आणि मुंबईत स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा विजय, एवढे फळ्यावर मांडले. बाबासाहेबांना १३,२४५ मते. काँग्रेसने त्यांच्याविरुद्ध उभे केलेल्या पी. बाळूंना ११,२२५. फळा पुसला आणि पुढे गेलो. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी थांबला. मुलगा चर्मकार समाजातला, वडिलांची बसस्थानकाबाहेर चपला शिवायची टपरी. तो म्हणाला, "सर, आमच्या घरात बाळूंचा फोटो आहे. तुम्ही त्यांची फक्त मतं सांगितली. ते कोण होते हे का नाही सांगितलं?"

उत्तर मला ठाऊक होते, पण द्यायला मी कचरलो. मी महारवाड्यात जन्मलेला, बौद्ध घरातला, घरातला पहिला पदवीधर. आमच्या वस्तीत बाळू हे नाव निघालेच तर 'बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा राहिलेला' एवढ्याच ओळखीने निघे. तो कधी काय खेळला, कुणाशी झुंजला, हे विचारण्याची गरज आम्हाला वाटली नाही. इतिहास शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला ही गोष्ट शोभणारी नाही. म्हणून हे उशिराचे उत्तर.

पालवणकर बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. मूळ गाव कोकणातले. जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे मुले पुण्याच्या लष्करी भागात वाढली आणि साहेबांनी टाकून दिलेल्या साहित्यावर क्रिकेट शिकली. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या क्लबात, खेळपट्टी झाडायची आणि रूळ फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले, तेव्हा चार रुपये झाले. तिथे जाळी बांधायची, रेषा आखायची, आणि कुणा साहेबाला सराव हवा असेल तर चेंडू टाकायचा. डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारा हा पोऱ्या त्या काळातल्या नामांकित फलंदाजांना, कॅप्टन ग्रेगसारख्यांना, तासन्‌तास गोलंदाजी करी. ग्रेग बाद झाला की बाळूंना आठ आणे देई अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचे राहू द्या. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. शेकडो तास चेंडू टाकणाऱ्या या मुलाच्या हाती त्या क्लबाने सरावासाठी एकदाही बॅट दिली नाही.

ही गोष्ट वाचली तेव्हा मला माझे गाव आठवले. आम्ही वस्तीतली पोरे गावच्या मैदानावर जायचो. उसात गेलेला चेंडू आणायचा कुणी? आम्ही. भर उन्हात गोलंदाजी कुणी करायची? आम्हीच. फलंदाजीची पाळी येईपर्यंत दिवस मावळलेला असे, किंवा ज्याची बॅट त्याला घरी बोलावणे आलेले असे. कुणी शिवी दिली नाही, कुणी हाकलले नाही. पण पाळी आली नाही. क्रिकेटमध्ये गोलंदाजी ही मजुरी आहे आणि फलंदाजी ही मालकी, असे तेव्हा शब्दांत सांगता आले नसते. कळत मात्र होते.

पुण्याच्या हिंदूंना युरोपियनांवर मात करायची होती आणि त्यासाठी बाळू हवे होते. त्यांना संघात घ्यावे की नाही यावर सनातन्यांचा वाद झाला. शेवटी घेतले. मैदानावर जो चेंडू बाळूंच्या हातून सुटे, तोच सवर्ण क्षेत्ररक्षक झेलत. तिथे विटाळ नव्हता. चहाची सुट्टी झाली की बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे ताट वेगळे, मेज वेगळे. हात धुवायला पाणी घालणारा नोकर अस्पृश्यच. पुढे संघ जिंकू लागल्यावर न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर समारंभात बाळूंना हार घातला, टिळकांनीही कौतुक केले, अशा नोंदी आहेत. हार घालणाऱ्यांचा हेतू चांगला असेल, मी तो नाकारत नाही. पण हार घालायला विजय आधी मिळवावा लागला, आणि मातीचे भांडे मात्र काही न मिळवता हाती आले होते.

पुण्यात प्लेग आला आणि बाळू मुंबईला गेले. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ. मुंबईच्या जिमखान्याने त्यांना इतरांबरोबर खाण्यापिण्याची मोकळीक दिली. सुधारकांच्या पत्रांनी त्याचे स्वागत केले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. राज्यकर्त्यांचा दुसरा डाव कोसळवण्यात बाळूंच्या फिरकीचा वाटा मोठा होता. भाऊ शिवरामही त्या संघात होते. पारशी आणि युरोपियन यांच्यात आधीपासून सामने होतच. १९०७ पासून हिंदू आले आणि ते तिरंगी झाले, १९१२ ला मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी, १९३७ ला 'इतर' मिळून पंचरंगी, आणि १९४६ नंतर बंद. त्या काळात हिंदुस्थानात यापेक्षा मोठी स्पर्धा नव्हती. हजारो माणसे बघायला लोटत.

इथे एक प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. हा संघ 'हिंदूं'चा होता. बाळू त्यात हिंदू म्हणून खेळत होते. पण ते हिंदू होते का? हा प्रश्न माझा नाही, तो त्याच वर्षांत सरकारी कागदावर आला होता. १९११ च्या जनगणनेसाठी आयुक्त गेट यांनी १९१० साली परिपत्रक काढले. ज्यांना देवळात प्रवेश नाही, ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो, अशांची गणना वेगळी करावी, असा त्याचा आशय. त्यावर सवर्ण पुढाऱ्यांनी गहजब केला. संख्याबळ घटणार होते ना! डोकी मोजताना आम्ही हिंदू, बळी मोजताना आम्ही हिंदू. चहाच्या वेळी कोण?

ज्या वर्षी ती जनगणना झाली त्याच १९११ साली अखिल हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज. तेवीस सामने, त्यांत सहा विजय, पंधरा पराभव. अशा पडत्या संघात पस्तिशीतल्या बाळूंनी ११४ बळी घेतले, त्यांतले ७५ प्रथम श्रेणीच्या सामन्यांत. परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या सत्कारात तरुण भीमराव आंबेडकरांचा सहभाग होता, त्यांच्या अगदी पहिल्या सार्वजनिक कामांपैकी ते एक, असे सांगितले जाते. तेव्हा बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होते. आमच्या वस्तीत मला हे कुणी सांगितले नव्हते. १९३७ तेवढे सांगितले, १९११ नाही.

बाळू, शिवराम, गणपत, विठ्ठल असे चारही भाऊ हिंदू संघातून खेळले. बाळू सर्वांत अनुभवी, सर्वांत गुणी. तरी कप्तानी कधी त्यांना मिळाली नाही. बळी घेणे हे काम आहे, ते अस्पृश्याने करावे. कुणी कुठे उभे राहायचे हे सांगणे हा हुकूम आहे, तो अस्पृश्याने ब्राह्मणाला कसा द्यायचा? कप्तान पै यांनी स्वतःच्या सत्कारात सांगितले होते की हा मान बाळूंचा होता. पैंचा प्रामाणिकपणा मान्य. समितीला मात्र त्याने पाझर फुटला नाही.

मग १९२० साल उजाडले. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. अस्पृश्य माणूस स्वतःच्या तोंडाने बोलू लागला होता. त्या वर्षीच्या चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ निवडताना समितीने बाळूंना वगळले. पै आजारी होते; त्यांच्या जागी विठ्ठलना डावलून प्रा. दि. ब. देवधरांना कप्तान केले. विठ्ठल आणि शिवराम यांनी काय करावे? त्यांनी संघातून अंग काढून घेतले, आणि जाहीर निवेदन काढून सांगितले की इथे गुणावर नव्हे, जातीवर निवड झाली आहे. मुंबईत चर्चा पेटली. पै बरे होऊन परतले तेव्हा तडजोड झाली. बाळू उपकप्तान म्हणून संघात आले, दोघे भाऊ परतले, आणि पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. तेव्हा त्यांचे वय चव्वेचाळीस.

याकडे मी वारंवार परत येतो. वीसेक वर्षे बळी घेऊन जे मिळाले नाही, ते एका निवेदनाने आणि एका बहिष्काराने काही अंशी मिळाले. 'गुण दाखवा, मान आपोआप मिळेल' असे आमच्या मुलांना सांगणारे पुष्कळ असतात. बाळूंनी गुण दाखवायचा बाकी ठेवला होता का? समितीला हलवले ते काम बंद करण्याने. हा संप होता, मग त्या भावांनी त्याला ते नाव दिले असो वा नसो.

१९७२ ला आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतले. निग्रो साहित्याची दलित साहित्याशी तुलना आपल्या नियतकालिकांत खूप झाली, पण खेळाकडे फारसे कुणी पाहिले नाही. अमेरिकेत बेसबॉलची 'वर्ल्ड सिरीज' १९०३ साली बोस्टन आणि पिट्सबर्ग यांच्यात सुरू झाली. नाव जगाचे, पण त्यात काळा माणूस नव्हता. नियम कुठे लिहिलेला नव्हता, तरी काटेकोर पाळला जाई. मग काळ्यांनी आपलेच संघ काढले आणि १९२० च्याच फेब्रुवारीत, रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने, आपली राष्ट्रीय लीग उभी केली. १९२४ पासून त्यांची स्वतःची अजिंक्यपद मालिका झाली. गोऱ्यांच्या मोठ्या लीगमध्ये जॅकी रॉबिन्सन उतरला तो १९४७ साली. तिथे दार बंद होते म्हणून त्यांनी वेगळे घर बांधले. त्यात बहुतेक मालक काळे होते आणि कप्तानही काळेच. इथे दार किलकिले केले, बाळूंना आत घेतले आणि मातीचे भांडे हातात दिले. कुठला अपमान मोठा हे मला ठरवता येत नाही. एवढे मात्र दिसते की ज्याला आत घेतले त्याला वेगळे घर बांधणे अवघड जाते. बाळूंच्या पुढच्या राजकारणाची किल्ली मला इथे सापडते.

१९२३ ला विठ्ठल हिंदूंचे कप्तान झाले. अंतिम सामन्यात युरोपियनांना हरवले, आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई त्यांना सवर्णांच्या खांद्यावर बसवले गेले. बाळूंनी हे डोळ्यांनी पाहिले. हिंदू समाज आतून बदलू शकतो असे त्यांना वाटले असेल, तर ते पोकळ नव्हते. घरातल्याच भावाचा पुरावा समोर होता. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. १९३५ च्या येवल्याच्या धर्मांतर घोषणेला त्यांनी विरोध केला. १९३३ ला मुंबई पालिकेची निवडणूक हिंदू महासभेतर्फे लढवून हरले होते, १९३७ ला काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध हरले. त्यांचे चुकले, असे मी मानतो. खांद्यावर घेणारी गर्दी आणि गावच्या पाणवठ्यावरची गर्दी एकच असते, आणि पाणवठ्यावर ती विठ्ठलना ओळखत नाही, हे बाबासाहेबांनी महाडला पाहिले होते. काँग्रेसलाही बाळूंपेक्षा बाबासाहेबांची मते फोडण्यात रस होता, असे मला दिसते. हिंदू समितीने त्यांची गोलंदाजी वापरली तशी या पक्षांनी त्यांची लोकप्रियता वापरली. पण चुकलेला माणूस आपला नसतो, हे कुणी ठरवले?

विठ्ठलनी १९४८ साली 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत प्रसिद्ध केले. बाळूंविषयी आज जे लिहिले जाते, रामचंद्र गुहांनी २००२ साली इंग्रजीत जो मोठा ग्रंथ लिहिला तोसुद्धा, या पुस्तकाच्या आधाराने उभा आहे. दलित आत्मकथनांची गणती आपण आपल्याच जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या धामणगावच्या दया पवारांच्या 'बलुतं'पासून, म्हणजे १९७८ पासून, करतो. त्याआधी तीस वर्षे एका चांभार खेळाडूने मराठीत स्वतःची हकिकत लिहून ठेवली होती. आमच्या अभ्यासमंडळांच्या यादीत ती का नाही? ती 'क्रीडा' या कपाटात पडली म्हणून? की लेखक महार नाही, बौद्ध नाही, चळवळीत नाही म्हणून? हा प्रश्न सवर्ण समीक्षकांना विचारून भागणार नाही. तो आपल्यालाच विचारायचा आहे.

बाळू ४ जुलै १९५५ ला वारले. हिंदुस्थानने पहिला कसोटी सामना खेळला तो १९३२ साली, तोवर चारही भावांची वेळ निघून गेली होती.

तो विद्यार्थी आता तृतीय वर्षाला आहे. त्याच्या घरी जाऊन मी तो फोटो पाहिला. वर्तमानपत्रातले कात्रण आहे, चौकटीत बसवलेले, कडा पिवळ्या पडलेल्या. शेजारीच रविदासांचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मी त्याच्या वडिलांना विचारले, हे दोघे एकत्र कसे? ते हातातला अंगठा शिवता शिवता म्हणाले, "भिंत एकच हाये ना, सर." मग आमच्या वस्तीतल्या जयंती मंडळाच्या बैठकीत मी सुचवले की १४ एप्रिलच्या प्रदर्शनात १९११ च्या त्या सत्काराचा एक फलक लावावा. दोन तास वाद झाला. एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांचे बोट धरून मी चळवळीत आलो, उठून गेले. विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. फलकाचा मजकूर मी लिहून ठेवला आहे. त्यात १९३७ ची मतेही लिहिली आहेत, दोघांची.