दिनविशेष, २५ ऑक्टोबर : गाण्यामागचा समाज शोधणारा गायक

संगीतज्ञ डॉ. अशोक दा. रानडे यांचा आज जन्मदिन (१९३७). गजाननराव जोशींसारख्या गुरूंची तालीम मिळालेला हा गायक मैफलीपुरता राहिला नाही. गाणे कोण गाते, कोणासाठी गाते, त्यावर कोणाचे पोट चालते, हेही त्यांनी तपासले. मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते संचालक होते. पुढे मुंबईच्या ‘नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स’मध्ये (एनसीपीए) त्यांनी लोकसंगीताचे संशोधन केले. पदवीने ते समाजशास्त्रज्ञ नव्हते, पण नजर तीच.

भारतीय संगीताची त्यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशी वर्गवारी मांडली. त्यामुळे लावणी किंवा सिनेगीत म्हणजे रागसंगीताचे गरीब नातेवाईक, हा समज निदान अभ्यासकांपुरता तरी सैल झाला. ‘बैठकीची लावणी’ त्यांनी रंगमंचावरही आणली.

रानडेंचे हे प्रश्न गावच्या कीर्तनालाही विचारता येतात. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. या भागातल्या हरिनाम सप्ताहात कीर्तनकार बुवा चरण सोडतात, टाळकरी ते उचलतात, मृदंगी लय चढवतो, समोरची मंडळी टाळ्या धरतात. इथे श्रोता कोण आणि गायक कोण? रानडेंच्या पद्धतीने अभ्यासायला याहून चांगली जागा नाही. ३० जुलै २०११ रोजी त्यांचे निधन झाले.