हातांनीं वाचावयाचा इतिहास

इतिहास म्हणजे राजांच्या वंशावळी व लढायांच्या तिथी, अशी जी समजूत शाळेच्या बांकावर होते ती पुढें जन्मभर सुटत नाहीं. इंग्लंडांतील ट्यूडर काळ (1485–1603) तर या दृष्टीनें विशेष दुर्दैवी. आठव्या हेन्रीच्या सहा राण्यांनीं तो सारा व्यापून टाकिला आहे. त्या काळीं शेतकरी काय खात होता, त्याची बायको रात्रीं कोणत्या उजेडांत शिवीत बसे, हें विचारण्यास विद्यार्थ्यास सवडच मिळत नाहीं.

ही उणीव भरून काढण्यासाठीं त्या देशांत प्रत्यक्ष कृतींतून इतिहास शिकविण्याचा जो प्रघात पडला, तो विचारार्ह आहे. सफोक परगण्यांतील केंटवेल हॉल या जुन्या वाड्यांत ट्यूडर पोषाख करून त्या काळचें जीवन जगून दाखविण्याचा उपक्रम 1979 सालीं सुरू झाला, व शाळांतील मुलें तें पाहण्यास येऊं लागलीं. अशा शिक्षणांत मूल हंसाच्या पिसाची लेखणी करतें, आणि ओक वृक्षावरील गांठींच्या काढ्यांत हिराकस घालून केलेल्या शाईनें लिहूं पाहतें. ओळ पुरी होण्यापूर्वींच टोंक फिसकटतें. मग लेखन हें केवढें कष्टाचें काम होतें हें समजण्यास व्याख्यान लागत नाहीं. लव्हाळ्याची साल सोलून, गाभा चरबींत बुडवून केलेली वात पाहिली, म्हणजे सूर्यास्ताबरोबर दिवस संपे याचा अर्थ कळतो.

परंतु धोका येथेंच आहे. हातानें केलेली गोष्ट खरी वाटते, आणि म्हणूनच खेळालाच जीवन समजण्याची चूक सहज होते. लोंकरी टोपी डोक्यावर घालण्यांत मुलास मौज वाटते. पण 1571 च्या कायद्यानें, उमराव व इतर कांहीं सोडून, सहा वर्षांवरील प्रत्येकास रविवारीं व सणावारीं देशांत केलेली लोंकरी टोपी घालणें भाग होतें. न घातल्यास दिवसास तीन शिलिंग चार पेन्स दंड होता. हें सांगितल्यावांचून ती टोपी नाटकांतलीच राहते.

धनुष्याचीही तीच गोष्ट. ‘मेरी रोझ’ हें हेन्रीचें लढाऊ जहाज 19 जुलै 1545 रोजीं पोर्ट्समथजवळ बुडालें व 11 ऑक्टोबर 1982 रोजीं वर काढण्यांत आलें. त्यांत सांपडलेलीं धनुष्यें ओढण्यास 100 पौंडांहून अधिक जोर लागे, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. कित्येक सांगाड्यांत खांद्याचें एक हाड पूर्ण जुळलेलेंच नाहीं. लहानपणापासून धनुष्य ओढल्याचें तें चिन्ह असावें, असें संशोधक मानतात. मुलाच्या हातीं दिलेलें हलकें धनुष्य ही गोष्ट आपण होऊन सांगणार नाहीं. ती शिक्षकानेंच सांगितली पाहिजे.

त्याच जहाजांत उवा काढण्याच्या फण्या, पादत्राणें व लांकडी वाडगे सांपडले. कित्येक वाडग्यांवर धन्यांनीं आपापल्या खुणा कोरल्या आहेत. जहाजावरील सुमारें 500 माणसांपैकीं फारच थोडीं वांचलीं. बहुतेकांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. त्यांची ओळख ती एवढ्या खुणेपुरतीच. मुलाच्या हातीं तसाच एक वाडगा द्यावा, त्यावर त्याची स्वतःची खूण कोरूं द्यावी, आणि मग जुन्या वाडग्याच्या धन्याचें काय झालें तें सांगावें. असें मूल पुढें राण्यांचीं नांवें विसरलें तरी चालेल. तो वाडग्याचा धनी त्याच्या ध्यानांत राहील.