पदव्युत्तर भौतिकी व ज्योतिषशास्त्र : चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे

भौतिकी व ज्योतिषशास्त्र या विषयांचे प्रथम पदवीनंतर विद्यापीठाच्या नियंत्रणाखाली होणारे क्रमबद्ध अध्ययन म्हणजे पदव्युत्तर अध्ययन होय. त्याचे सामान्यतः दोन टप्पे मानतात : एम्. एस्‌सी. पदवीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पीएच्. डी. पदवीसाठी संशोधनास आरंभ करण्यापूर्वी पूर्ण करावयाचा पाठ्यक्रम. येथे ज्योतिषशास्त्र ही संज्ञा खस्थ पदार्थांची स्थाने, गती, संघटन व उत्क्रांती यांचा विचार करणारे शास्त्र या अर्थी वापरली असून फलज्योतिषाशी तिचा संबंध नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकास असलेल्या चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत हे अध्ययन इतर विभागांच्या मानाने उशिरा पोहोचले. त्याचा इतिहास हा मुख्यतः विद्यापीठाचे केंद्र विद्यार्थ्याच्या गावाजवळ येण्याचा इतिहास आहे.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात आधुनिक ज्योतिषशास्त्राचे अध्यापन व वेधकार्य यांची सांगड प्रथम पुणे येथे घातली गेली. कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७–१९३८) यांनी तेथील विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी केली. तीमधील २० इंच व्यासाचा परावर्तक दूरदर्शक त्या काळी भारतातील सर्वांत मोठा होता. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणातून ईशान्येकडे वऱ्हाडावरून गेला. विजयदुर्ग येथे नॉर्मन लॉकयर यांच्या, तर सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे नायगमवाला व अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांच्या पथकांनी वेध घेतले. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश निरीक्षकांचा तळ होता आणि ॲनी माँडर यांनी तेथून सूर्याच्या किरीटाचा दूरवर पसरलेला शलाकासदृश भाग छायाचित्रित केला. त्या वेळचा चांदा जिल्हा या पट्ट्याच्या बाहेर, आग्नेयेस राहिला. नायगमवाला निवृत्त झाल्यानंतर १९१२ मध्ये पुण्याची वेधशाळा बंद करण्यात आली व तिचा दूरदर्शक कोडईकानल येथे नेण्यात आला. त्यामुळे ज्योतिषशास्त्राच्या पदव्युत्तर अध्ययनाची जी परंपरा महाराष्ट्रात रुजू लागली होती ती दीर्घकाळ खंडित झाली. एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभे राहिलेले कार्य, त्यामागे विद्यापीठाचा स्थायी विभाग नसेल तर, त्या व्यक्तीबरोबरच संपते हे या घटनेवरून दिसून येते.

भारतात भौतिकीच्या पदव्युत्तर अध्यापनाला निश्चित स्वरूप कलकत्ता विद्यापीठाने दिले. आशुतोष मुखर्जी यांच्या पुढाकाराने तेथे विज्ञानाचे पदव्युत्तर वर्ग सुरू झाले. चंद्रशेखर वेंकट रामन, मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस हे तेथील अध्यापक होते. साहा यांनी १९२० मध्ये मांडलेले आयनीभवनाचे समीकरण हे भौतिकी व ज्योतिषशास्त्र एकत्र शिकविण्याची गरज पटवून देणारे उत्तम उदाहरण आहे. ताऱ्याच्या वर्णपटातील रेषा कोणत्या व किती ठळक दिसतील हे त्यातील मूलद्रव्यांच्या प्रमाणाइतकेच त्याचे तापमान व दाब यांवरही अवलंबून असते, असे या समीकरणावरून सिद्ध झाले. ते समजण्यासाठी ऊष्मागतिकी, सांख्यिकीय यामिकी व अणूची संरचना या तिन्ही विषयांचे ज्ञान लागते. केवळ ताऱ्यांची नावे व स्थाने माहीत असून ते पुरेसे होत नाही.

नागपूर विद्यापीठाचा काल (१९२३–२०११) : मध्य प्रांतातील महाविद्यालये आरंभी कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. नागपूर येथे १९०६ मध्ये व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स ही संस्था स्थापन झाली. तिलाच पुढे विज्ञान संस्था हे नाव मिळाले. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झाल्यावर अभ्यासक्रम ठरविण्याचा, परीक्षा घेण्याचा व पदवी देण्याचा अधिकार प्रथमच प्रांतात आला. तथापि चांदा जिल्ह्यातील विद्यार्थ्याला विज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी सुमारे १५० किमी. दूर असलेल्या नागपुरासच जावे लागे. जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंचा भागातील विद्यार्थ्यास तर याच्या दुपटीहून अधिक अंतर पडे. पावसाळ्यात नद्यांना पूर आले म्हणजे तेथील दळणवळण तुटत असे.

स्वातंत्र्योत्तर काळात ही स्थिती हळूहळू पालटली. वरोडा येथे बाबा आमटे यांच्या महारोगी सेवा समितीने १९६४ मध्ये आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू केले. चंद्रपूर येथे जनता महाविद्यालय व सरदार पटेल महाविद्यालय (१९७०) या संस्थांमुळे विज्ञानाच्या पदवी शिक्षणाची सोय झाली. १९६४ मध्ये चांदा हे नाव बदलून चंद्रपूर असे करण्यात आले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, परंतु हे दोन्ही जिल्हे नागपूर विद्यापीठाकडेच राहिले. पदवीपर्यंतचे शिक्षण जिल्ह्यात व त्यापुढचे नागपुरात अशी विभागणी त्यामुळे पुष्कळ वर्षे टिकली. शेतीवर किंवा वनोत्पादनांवर उपजीविका करणाऱ्या कुटुंबाला मुलाच्या वा मुलीच्या नागपुरातील वास्तव्याचा खर्च झेपत नसे. त्यामुळे पदवीनंतर विषय सोडून देणाऱ्यांत बुद्धीने कमी असलेल्यांपेक्षा साधनांनी कमी असलेल्यांचाच भरणा अधिक असे.

गोंडवाना विद्यापीठ : नागपूर विद्यापीठाचे विभाजन करून चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी २०११ मध्ये गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन करण्यात आले. या नावाचा भौतिक शास्त्रांशी एक वेगळाच संबंध आहे. मध्य भारतातील गोंडवन प्रदेशावरून येथील खडकांच्या एका समूहास व त्यावरून दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाखंडास भूवैज्ञानिकांनी गोंडवन हे नाव दिले. चंद्रपूर परिसरातील कोळसा याच खडकसमूहातील आहे. त्या कोळशावर चालणाऱ्या चंद्रपूर येथील औष्णिक विद्युत् केंद्राची क्षमता २,९२० मेवॉ. असून ते राज्यातील मोठ्या विद्युत् केंद्रांपैकी एक आहे. म्हणजे ज्या जिल्ह्यात ऊष्मागतिकीच्या नियमांचा एवढ्या मोठ्या प्रमाणावर प्रत्यक्ष वापर होतो, त्याच जिल्ह्याला त्या नियमांच्या उच्च अध्ययनासाठी स्वतःचे विद्यापीठ मिळण्यास २०११ साल उजाडावे लागले.

अभ्यासक्रमाचे स्वरूप : भारतीय विद्यापीठांतील भौतिकीच्या एम्. एस्‌सी. अभ्यासक्रमाची सर्वसाधारण चौकट सारखी असते. पहिल्या दोन सत्रांत गणितीय भौतिकी, अभिजात यामिकी, पुंजयामिकी, विद्युत् गतिकी, सांख्यिकीय यामिकी व इलेक्ट्रॉनिकी हे पायाभूत विषय येतात. पुढील दोन सत्रांत घन अवस्था भौतिकी, अणुकेंद्रीय व कण भौतिकी, अणू व रेणू यांचे वर्णपटविज्ञान आणि एखादी ऐच्छिक शाखा यांचा समावेश होतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणास अनुसरून महाराष्ट्रातील विद्यापीठांनी २०२३–२४ पासून या अभ्यासक्रमांची पुनर्रचना केली. तीनुसार दोन वर्षांसाठी ८० ते ८८ श्रेयांक असून संशोधनपद्धती, कार्यानुभव व संशोधन प्रकल्प यांना स्थान मिळाले आहे. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास पदव्युत्तर पदविका मिळते. पीएच्. डी.पूर्व पाठ्यक्रम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी अनिवार्य झाला. २०२२ च्या नियमांनुसार त्यासाठी किमान १२ श्रेयांक आवश्यक आहेत.

ज्योतिषशास्त्र हा बहुतेक विद्यापीठांत स्वतंत्र विभाग नसून भौतिकीतील ऐच्छिक विषय असतो. त्याच्या अध्ययनातील एक मोठी उणीव आंतरविद्यापीठीय ज्योतिषशास्त्र व खगोलभौतिकी केंद्राने (आयुका) भरून काढली. हे केंद्र विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ मध्ये पुणे येथे स्थापन केले. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) हे त्याचे संस्थापक-संचालक होत. देशातील कोणत्याही विद्यापीठातील अध्यापकास तेथे येऊन ग्रंथालय, संगणक व दूरदर्शक यांचा उपयोग करता यावा हा त्यामागील हेतू होता. आयुका व राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र यांच्या संयुक्त पदव्युत्तर शाळेत संशोधक विद्यार्थ्यांना विद्युत् गतिकी व प्रारण प्रक्रिया, पुंजयामिकी व सांख्यिकीय यामिकी, आंतरतारकीय द्रव्य, दीर्घिकांची संरचना आणि वेधतंत्रे अशा विषयांचा पाठ्यक्रम पूर्ण करावा लागतो. जुन्नर परिसरातील खोडद येथे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली उभारलेला, प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० थाळ्यांचा रेडिओ दूरदर्शक व गिरवली येथील २ मी. व्यासाचा प्रकाशीय दूरदर्शक ही या अध्ययनाची प्रयोगक्षेत्रे होत. हिंगोली जिल्ह्यात होऊ घातलेल्या गुरुत्वीय तरंग वेधशाळेस केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे राज्यातील भौतिकी पदव्युत्तरांना आणखी एक क्षेत्र खुले होईल.

स्थानिक आकाशज्ञान : या जिल्ह्यांतील गोंड व माडिया समाजांना आकाशाचे स्वतःचे ज्ञान आहे. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी महाराष्ट्र, मध्य प्रदेश व तत्कालीन आंध्र प्रदेश यांतील सुमारे १५ गोंड गावांत पाहणी करून गोंडांच्या ज्योतिषशास्त्राविषयीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. मृग नक्षत्राच्या मध्यभागातील तारे त्यांना नांगरासारखे दिसतात, तर सप्तर्षींतील चार तारे ही म्हातारीची खाट व उरलेले तीन तारे ती पळविणारे चोर होत, अशी कल्पना आहे. शेतीच्या हंगामाशी निगडित तारकांकडे या परंपरेत विशेष लक्ष दिलेले आढळते. चंद्राभोवती पडणाऱ्या खळ्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याची रीत ग्रामीण भागात सर्वत्र आहे. उंचावरील ढगांतील षट्‌कोनी हिमस्फटिकांतून प्रकाशाचे प्रणमन होऊन सुमारे २२° त्रिज्येचे हे खळे निर्माण होते, असे प्रकाशकीचा अभ्यासक्रम सांगतो. ही दोन ज्ञाने एकाच विद्यार्थ्याच्या ठायी एकत्र येऊ शकतात, मात्र पाठ्यपुस्तकांत पहिल्याचा उल्लेख क्वचितच असतो.

उच्च अध्ययनाची स्थानिक गरज २ एप्रिल २०२२ च्या घटनेने विशेषत्वाने प्रकट झाली. त्या सायंकाळी विदर्भाच्या आकाशातून तेजस्वी गोळे जाताना दिसले आणि चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे ३ मी. व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात धातूचे पोकळ गोलही सापडले. प्रथम लोकांना तो उल्कापात वाटला व भीती पसरली. हे अवशेष चिनी अग्निबाणाच्या वरच्या टप्प्याचे असावेत असे तज्ञांचे मत पडले. पृथ्वीजवळच्या कक्षेत सेकंदास सुमारे ७·८ किमी. वेगाने फिरणारी वस्तू विरळ वातावरणाच्या घर्षणाने ऊर्जा गमावते, तिची कक्षा आकसत जाते व अखेर ती दाट वातावरणात शिरून तापते आणि तुटते. उल्का याहून पुष्कळ अधिक वेगाने येतात व काही सेकंदांतच विझतात. आकाशातील गोळे सावकाश, दीर्घकाळ व एका रांगेत जाताना दिसले यातच त्यांची ओळख होती. हा भेद अभिजात यामिकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला सहज करता येतो. तो करणारी व्यक्ती गावाजवळ असणे यावर लोकांची भीती लवकर दूर होणे अवलंबून असते.

अडचणी व उपाय : या विभागातील पदव्युत्तर अध्ययनापुढील पहिली अडचण भाषेची आहे. विद्यार्थ्याची घरची बोली गोंडी, माडिया वा झाडीबोली, शाळेचे माध्यम मराठी आणि एम्. एस्‌सी.चे माध्यम इंग्रजी असे तीन टप्पे त्यास ओलांडावे लागतात. नागपूर येथील महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने विद्यापीठीय पातळीवरील विज्ञानग्रंथ मराठीत काढण्याचे काम केले, पण ते प्रामुख्याने पदवीस्तरापर्यंतच पोहोचले. दुसरी अडचण प्रयोगसाधनांची व तिसरी स्पर्धापरीक्षांच्या पूर्वतयारीची आहे. संशोधन संस्थांतील प्रवेश राष्ट्रीय चाचण्यांवर अवलंबून असल्याने पायाभूत विषयांचे अध्यापन दुर्बळ राहिल्यास विद्यार्थी पहिल्याच पायरीवर मागे पडतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्वयम् या शासकीय मंचावरून आंतरजालाद्वारे नामवंत अध्यापकांची व्याख्याने मिळतात. मात्र दुर्गम तालुक्यांत दूरसंदेशवहन अखंड नसल्याने व प्रयोगशाळेची जागा व्याख्यान घेऊ शकत नसल्याने हा उपाय पूरकच ठरतो.

याउलट एक नैसर्गिक अनुकूलता या विभागास लाभली आहे. गडचिरोली जिल्ह्याचे दोन-तृतीयांशांहून अधिक क्षेत्र वनाच्छादित असून मोठ्या शहरांच्या दिव्यांपासून ते दूर आहे. पावसाळा वगळता तेथील रात्री अंधाऱ्या असतात व लहान दूरदर्शकानेही चलताऱ्यांच्या तेजस्वितेची मोजमापे घेता येतात. अशा मोजमापांसाठी मोठा निधी लागत नाही; शिस्त, सातत्य व मार्गदर्शक लागतो. पुण्याच्या वेधशाळेत साधन होते, पण संस्थेचे पाठबळ टिकले नाही. येथे विद्यापीठ आहे व आकाशही आहे. नियमित वेध घेणारा आणि ते पुढील तुकडीस शिकविणारा स्थायी अध्यापकवर्ग तयार होणे हाच या विभागातील पदव्युत्तर अध्ययनाचा मुख्य प्रश्न आहे.