मात्रेचा प्रश्न

अफूने वेदना शमतात हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण होती ती मात्रेची. प्रत्येक अफूचा कस वेगळा. त्यामुळे तेवढ्याच अफूने एकाचे दुखणे थांबे, तर दुसऱ्याचा श्वास. जर्मनीतील औषधनिर्माता सेर्ट्यूर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून मॉर्फीन वेगळे केले. १८१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने व तीन तरुणांनी ते थोड्या थोड्या वेळाने तीनदा घेतले आणि सर्वांनाच विषबाधा झाली. पदार्थ शुद्ध झाला होता, पण मात्रा ठरायची होती.

१८३२ मध्ये फ्रान्समध्ये रोबिके यांनी अफूतूनच कोडीन वेगळे केले. आपण त्याला सौम्य समजतो. परंतु शरीरात गेल्यावर यकृत त्याचा काही भाग मॉर्फीनमध्येच बदलते. हा बदल कोणात जवळजवळ होत नाही, तर कोणात फार झपाट्याने होतो. नेहमीच्या मात्रेनेही काही मुले दगावली. म्हणून २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने बारा वर्षांखालील मुलांसाठी कोडीन वर्ज्य ठरवले.

वर्गात हा इतिहास सांगताना आपण एवढे जरूर सांगू: दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घ्यायची नाही, मात्रा स्वतः वाढवायची नाही आणि सोबत दारू किंवा झोपेची गोळी मुळीच नको, श्वास मंदावतो तो अशा वेळी.