खाऱ्या जमिनीवरची हिरवळ

धरमतरच्या खाडीकाठी जमीन आयती मिळत नाही, ती समुद्राच्या हातून सोडवून घ्यावी लागते. अंबा नदीच्या मुखाशी, पेणच्या आणि अलिबागच्या अंगाला पसरलेल्या खारेपाटात आधी मातीचा बांध घालायचा, मग त्यात उघाडी बसवायची. भरतीच्या रेट्याने उघाडीची झडप मिटते. ओहोटी लागली की आत साचलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. काही पावसाळ्यांत मीठ धुऊन निघालं की भात लावायचा. उधाणात बांधाला खांड पडली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. मुंबईच्या गोल्फ मैदानांची गोष्ट याच खारेपाटातून सांगायला हवी, कारण तिथलीही एक नामांकित हिरवळ अशाच सोडवलेल्या जमिनीच्या पट्ट्यात आहे.

महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून एके काळी भरतीचं पाणी थेट भायखळ्याच्या बाजूला शिरत असे. गव्हर्नर विल्यम हॉर्नबीच्या कारकिर्दीत, १७८० च्या दशकात, तिथे बांध पडला. रचलेला बांध पुन्हा पुन्हा ढासळू लागला तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू कारागिराच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती काढून देऊळ उभारल्यावरच काम तडीस गेलं, अशी आख्यायिका आहे. बांधाच्या आतला सखल पट्टा कोरडा झाला. भात पिकवण्याऐवजी शहराने तिथे पुढे घोड्यांची शर्यत आणली आणि मग गोल्फ.

हा खेळ मात्र मुंबईत त्याआधीच पोहोचला होता. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईचा पहिला गोल्फ क्लब १८४२ चा. त्या काळचा चेंडू म्हणजे चामड्याची शिवलेली पिशवी. तिच्यात उकळून मऊ केलेली पिसं ठासून भरायची. वाळल्यावर पिसं फुगत, चामडं आक्रसे आणि चेंडू टणक होई. एका चेंडूला टोपीभर पिसं लागत. तो महाग तर होताच, शिवाय ओला झाला की जड व्हायचा आणि शिवणीवर उसवायचा. मलायातल्या झाडाच्या चिकापासून केलेला गटापर्चाचा चेंडू १८४८ च्या सुमारास आला, तेव्हा कुठे खेळ स्वस्त झाला.

स्कॉटलंडमध्ये गोल्फ वाढला तो समुद्रकाठच्या रेताड माळांवर, जिथे शेती धड होत नव्हती. झाडांच्या राईतून कापलेल्या गवताचे पट्टे काढायचे, ही बागेसारखी मैदानं नंतरची. आणि एक गोष्ट ठळकपणे सांगायलाच हवी: या खेळाचं आद्यपीठ मानलं जाणारं सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान कुणा क्लबाच्या मालकीचं नाही. ते सार्वजनिक आहे. रविवारी तिथला खेळ सहसा बंद असतो आणि गावकरी त्यावर फिरायला जातात. हिंदुस्थानात येताना खेळ आला, ही मोकळीक आली नाही.

इथे आधी फाटक आलं. मुंबईतल्या बड्या युरोपीय क्लबांत हिंदी माणसाला सभासदत्व नव्हतं. गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन आपल्या हिंदी पाहुण्यांना घेऊन यॉट क्लबात गेले आणि त्यांना दारातच अडवलं गेलं, अशी कथा सांगतात. १९१८ मध्ये त्यांच्या नावाने, महालक्ष्मीजवळच्या त्याच सोडवलेल्या पट्ट्यात निघालेला विलिंग्डन स्पोर्ट्‌स क्लब गोऱ्यांना आणि हिंदींना एकत्र सभासद करून घेणारा होता. त्या काळात हे धाडसच होतं, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण फाटक उघडलं ते संस्थानिक, गिरणीमालक आणि बॅरिस्टर यांच्यासाठी.

हेच विलिंग्डन १९३१ ते १९३६ व्हाइसरॉय होते. जानेवारी १९३२ मध्ये त्यांच्या सरकारने गांधीजींना तुरुंगात टाकलं. आणि त्यांच्याच अमदानीत, १९३३ मध्ये, धरमतर खाडीच्या अलिबागकडच्या खारेपाटात चरी गावी नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं थांबवलं. तो संप १९३९ पर्यंत टिकला. खाऱ्या जमिनीत राबणाऱ्याला त्या जमिनीवर हक्क किती, हा प्रश्न तिथे उपाशी पोटी विचारला गेला.

चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. चेंबूर तेव्हा मुंबईबाहेरचं गाव होतं. शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी १९०६ मध्ये कुर्ल्याहून तिकडे रेल्वेचा फाटा टाकला होता. त्यावरून उतारू गाड्या १९२४ मध्ये सुरू झाल्या. देवनारचं डम्पिंग ग्राउंडही १९२७ चंच. एकाच वर्षी, एकाच टापूत, शहराने आपला कचरा टाकायला जागा केली आणि आपल्या श्रीमंतांना खेळायलाही. आज चहूबाजूंनी इमारतींनी वेढलेल्या चेंबूरमध्ये त्या मैदानावरची झाडं टिकली आहेत, याचं मोल कमी नाही. फाटकाने माणसं बाहेर ठेवली, तशा इमारतीही.

नाशिकला उलट घडलं. तिथल्या गोल्फ क्लबचं मैदान आज हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. कलेक्टर जॅक्सनवर १९०९ मध्ये गोळी झाडून फाशी गेलेल्या तरुणाचं नाव त्याला मिळालं. तिथे आता रणजी सामने होतात, तरीही नाशिककर सर्रास ‘गोल्फ क्लब ग्राउंड’च म्हणतात.

या साऱ्या मैदानांवर एक माणूस पहिल्यापासून आत होता, तो म्हणजे कॅडी. खांद्यावर दुसऱ्याची बॅग, नजर दुसऱ्याच्या चेंडूवर. वारा कुठला, उतार कुठे, कोणती काठी घ्यावी हे सांगणारा तोच. सभासदासारखं खेळायची मोकळीक मात्र त्याला नसे. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा भारतीय वंशाचा पापवा सेवगोलम असाच कॅडीगिरी करत, उलट्या हातांनी काठी धरून खेळ शिकला. १९६३ मध्ये, वर्णभेदाच्या काळात, त्याने तिथल्या नाताळ प्रांताची ओपन स्पर्धा जिंकली. पाऊस कोसळत होता. गोरे खेळाडू क्लबच्या इमारतीत होते आणि विजेत्याला करंडक बाहेर पावसात दिला गेला. भारतात इंडियन ओपन १९६४ मध्ये सुरू झाली. ती जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू, १९९१ चा विजेता अली शेर, दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणूनच वाढला होता.