डफावरचे प्रश्न

मद्यगृहात चार-पाच जणांचा संघ करून बसावे, सूत्रधाराने प्रश्न विचारावेत, गुण मोजावेत आणि मध्यरात्रीपर्यंत कोण अधिक जाणते याचा निकाल लागावा, हा खेळ आपल्याकडे आयात माल म्हणून ओळखला जातो. आयातीचा इतिहास खराच आहे. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात शॅरन बर्न्स आणि टॉम पोर्टर या जोडीने, गिऱ्हाईक नसलेल्या रविवारच्या रात्री पबमध्ये माणसे यावीत म्हणून, असे सामने पद्धतशीरपणे भरवले. भारतात त्याआधीच, १९६७ साली, नील ओब्रायन यांनी कलकत्त्यात एका चर्चच्या सभागृहात खुली प्रश्नमंजूषा घेतली होती. १९७२ पासून हमीद सयानी यांची बोर्नव्हिटा स्पर्धा आली, २००० साली करोडपतीचा कार्यक्रम आला, आणि आता पुण्या-मुंबईच्या बारमध्ये हा खेळ रुळला आहे. ही वंशावळ इंग्रजी बोलणाऱ्यांची आहे. आम्हांला येथे दुसरी सांगायची आहे.

तळेगाव दाभाडे येथून इंद्रायणीचा पूल ओलांडला की आंबी लागते. आज या भागाची ओळख औद्योगिक वसाहत आणि अभियांत्रिकी महाविद्यालये अशी आहे. पण मावळातील गावांचे वर्ष आजही चैत्र-वैशाखातल्या जत्रांवरून मोजले जाते. रात्री तमाशा आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, हा जत्रेचा ठरलेला क्रम. त्या रात्रीचा एक भाग, जो एकेकाळी तिचा प्राण होता, तो म्हणजे दोन फडांचे सवाल-जवाब. कुस्ती दुसऱ्या दिवशी लागे असे म्हणण्यापेक्षा ती आदल्या रात्रीच सुरू होई, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

या सामन्याचे दोन पक्ष होते: कलगीवाले आणि तुरेवाले. कलगीवाल्यांच्या मते शक्ती, म्हणजे प्रकृती किंवा माया, श्रेष्ठ. तुरेवाल्यांच्या मते शिव, म्हणजे पुरुष किंवा ब्रह्म. ही परंपरा केवळ मराठी नाही. राजस्थान आणि मध्य प्रदेशातही 'तुर्रा-कलंगी' आहे, आणि तिकडची आख्यायिका अशी की तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाहअली नावाचा फकीर यांचा वाद ऐकून चंदेरीच्या राजाने एकाला आपल्या पागोट्याचा तुरा दिला व दुसऱ्याला कलगी. आख्यायिकेत इतिहास किती हा प्रश्न बाजूला ठेवू. त्या दोघांपैकी एक हिंदू आणि एक मुसलमान असावा, आणि मुसलमानाने शक्तीची बाजू घ्यावी, हे लोकांना सांगण्याजोगे वाटले, एवढे आमच्या दृष्टीने पुरेसे आहे.

सामन्याची रीत अशी. एका फडाचा शाहीर डफ घेऊन उभा राही. मागे तुणतुणे, ढोलकी, झांज आणि झिलकरी. गण होई, आणि मग तो भेदिक लावणीतून कूट घाली. 'भेदिक' म्हणजे ज्यात भेद, म्हणजे गुपित, दडले आहे असे. नऊ दारांचे घर कोणते, त्याला पाच जणांनी मिळून कसे बांधले, साडेतीन हातांच्या जागेत पंचवीस जण कसे नांदतात, दिवसाला एकवीस हजार सहाशे फेऱ्या कोण घालतो, या वळणाचे ते प्रश्न. देह, पंचमहाभूते, पंचवीस तत्त्वे, श्वास अशी उत्तरे ज्याला ठाऊक त्याला सोपी, नाही त्याला अशक्य. याखेरीज पुराणांतले प्रश्न असत: अमक्याचा बाप कोण, तमक्याने कोणाच्या शापाने कोणता जन्म घेतला. प्रतिपक्षाने उत्तर पद्यातूनच द्यायचे, शक्यतो त्याच चालीत, आणि लगेच आपला प्रश्न समोर टाकायचा. उत्तर सुचले नाही तर डफ खाली ठेवायचा. ही नामुष्की पुढे कित्येक जत्रा त्या फडाच्या मागे लागे.

हा अभ्यासक्रम कोठून आला? चातुर्मासात गावोगाव श्रीधराचे ग्रंथ वाचले जात. 'हरिविजय' १७०२ चा, 'रामविजय' १७०३ चा, 'पांडवप्रताप' १७१२ चा. ज्याला अक्षर ओळखत नव्हते त्यानेही ते कानांनी ऐकलेले असत. त्यामुळे फडासमोर बसलेला शेतकरी निव्वळ प्रेक्षक नव्हता, तो परीक्षकही होता. आजच्या प्रश्नमंजूषेत सूत्रधार तटस्थ असतो आणि उत्तर त्याच्या कागदावर असते. येथे तटस्थ कोणीच नव्हता. प्रश्न विचारणारा हाच प्रतिस्पर्धी. म्हणून प्रत्येक घराण्याची आपली बाडे असत, त्यांत प्रश्न आणि उत्तरे लिहिलेली, आणि ती गुरूकडून शिष्याकडे जात. सगळेच ज्ञान उच्च होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यातला बराचसा भाग पाठांतर होता, आणि काही कोडी केवळ समोरच्याला अडवण्यासाठी रचलेली होती. परंतु हा दोष आजच्या प्रश्नमंजूषांनाही चुकलेला नाही.

आमच्या मते या रात्रींचे खरे महत्त्व कोण कोणाला प्रश्न विचारीत होता यात आहे. पेशवाईच्या उत्तरार्धातील शाहिरांची यादी पाहावी. होनाजी गवळी, त्याचा जोडीदार बाळा शिंपी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान आणि धंद्याने शिकलगार. अनंत फंदी, राम जोशी आणि प्रभाकर हे ब्राह्मण. फडातले वाजवणारे, गाणारे, नाचणारे बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी. ज्या काळात पाठशाळेच्या उंबऱ्याआड एका जातीखेरीज कोणाला प्रवेश नव्हता, त्या काळात शस्त्रांना धार लावणाऱ्या घरातला सगनभाऊ चारचौघांत लावणी रचून गाजत होता आणि होनाजीशी त्याची चुरस पुणे पाहत होते. राम जोशी सोलापूरचा. संस्कृताचा अभ्यास असलेला हा माणूस फडात उतरला तेव्हा त्याच्या विद्वत्तेला डफाच्या नियमांनुसार खेळावे लागले. व्युत्पत्ती आणि पांडित्य येथे उपयोगी पडे, पण जात पुढे करून उत्तर टाळता येत नसे. (गावाच्या चावडीवर दुसऱ्या दिवशी तीच जात पुन्हा उभी राही, हे विसरून या परंपरेचे गोडवे गाण्यात अर्थ नाही.) १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे त्याचे जलसे निघाले, तेव्हा प्रश्न विचारण्याची ही सवय आयतीच हाताशी होती. फक्त आता शिव मोठा की शक्ती हे विचारायचे नव्हते. भटजीला कोणी मोठे केले, हे विचारायचे होते. आंबेडकरी जलशांनी तोच धागा पुढे नेला.

स्त्रियांची गोष्ट निराळी. कोडी, उखाणे, कोकण-गोव्याकडची हुमाणी यांत त्या पुरुषांना ऐकणाऱ्या नव्हत्या. पण ते खेळ घरात आणि मंगळागौरीत राहिले, त्यांना फड मिळाला नाही. फडावर उभी राहून सवाल टाकणारी स्त्री मराठी मध्यमवर्गाने प्रामुख्याने चित्रपटात पाहिली: १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'त बया झालेल्या हंसा वाडकर, किंवा १९६४ च्या 'सवाल माझा ऐका'मधील जयश्री गडकर. या चित्रपटांनी सवाल-जवाब घराघरांत पोचवले आणि त्याच वेळी त्यांना दहा मिनिटांच्या गाण्यात बसवले.

उतरण मात्र त्याआधीच सुरू झाली होती. 'मोहना-बटाव' हा १८६५ चा वग पहिला मानला जातो. वग रुजला तसा रात्रीचा उत्तरार्ध कथानकाकडे गेला आणि सवाल-जवाबांना मिळणारा वेळ आटला. दोन फड एकाच जत्रेला आणणे गावाला महागही पडू लागले. सामना खऱ्या अर्थाने टिकला तो कोकणात, शक्ती-तुऱ्याच्या नावाने. रत्नागिरीकडची मंडळी मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून त्याचे प्रयोग करतात, शक्तीवाले आणि तुरेवाले समोरासमोर येतात, आणि प्रेक्षागृहात आपापल्या शाहिराचे पाठीराखे असतात.

मावळात आजही जत्रेची सुपारी द्यायला गावकरी नारायणगावला जातात. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, तारखा आणि बिदागी ठरते. ठरतो तो एक फड. त्याच्या कार्यक्रमात सवाल-जवाब अजून असतात, रंगतातही. परंतु विचारणारा आणि उत्तर देणारा दोघेही एकाच मालकाच्या नोकरीत असतात, आणि दोघांनाही उत्तर आधीपासून पाठ असते.