सहल पश्चिमेला जाते, इतिहास मागे राहतो : नांदेड-लातूरच्या मुलांसाठी एक ऐतिहासिक वाटाडी

१/ दिवाळीची सुट्टी संपली की मराठवाड्यातील शाळांना सहलीचे वेध लागतात. एस.टी.ची लाल गाडी ठरते, डबे बांधले जातात आणि गाडी बहुधा पश्चिमेकडे निघते : रायगड, प्रतापगड, पन्हाळा, फार तर वेरूळ. ही स्थळे थोर आहेतच. परंतु परतताना नांदेड-लातूरच्या मुलाच्या मनात एक गैरसमजही घर करून बसतो. इतिहास दुसरीकडे घडला, आपल्या गावात फक्त दुष्काळ पडला. या गैरसमजाचे उत्तर त्याच्याच तालुक्यातील दगडांत आहे.

२/ सुरुवात वेरूळपासूनच करू. कैलास लेणे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (इ.स. सुमारे ७५६ ते ७७३) याच्या काळातील मानले जाते, हे पाठ्यपुस्तकातून मुलांना ठाऊक असते. सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष आपल्या लेखांत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी, अशी पदवी मिरवतो.

३/ हे लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. राजधानी पुढे मान्यखेट येथे, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेडला गेली. तरीही घराण्याने मूळ गावाचे नाव सोडले नाही. शहरात स्थायिक झालेला माणूस आडनावात गाव जपतो, तसेच हे. लातूरचे मूल कैलासासमोर उभे राहते तेव्हा ते परक्याचे वैभव पाहत नसते. सहलीत कोणी एका वाक्याने जरी हे सांगितले, तरी त्या मुलाची पाहण्याची नजर बदलते.

४/ याच घराण्याची दुसरी खूण नांदेड जिल्ह्यातील कंधारला आहे. तेथे क्षेत्रपालाच्या एका प्रचंड मूर्तीचे अवशेष आहेत. अखंड मूर्ती आज नाही. उरले आहेत ते महाकाय शरीराचे तुकडे, त्यांतच पावलाचा भाग. क्षेत्रपाल म्हणजे शेताशिवाराचा, क्षेत्राचा राखणदार. सर्वांची राखण करण्यासाठी घडवलेल्या देवाची राखण मात्र कोणाला करता आली नाही, हे मुलांना न सांगताही कळते.

५/ येथे मार्गदर्शकाच्या भाषणापेक्षा मोजपट्टीचा उपयोग अधिक. माणसाची उंची त्याच्या पावलाच्या लांबीच्या साधारण साडेसहा पट असते. मुलांनी आधी स्वतःचे पाऊल आणि उंची मोजून हा हिशेब पडताळावा. मग दगडी अवशेषांकडे पाहावे आणि मूर्ती उभी असताना केवढी असेल याचा वहीत अंदाज मांडावा. शिल्पशास्त्राची प्रमाणे वेगळी असतात, म्हणून उत्तर अंदाजेच येईल. पण तुकड्यावरून पूर्णाकडे जाणे, हीच तर पुरातत्त्वाची रीत.

६/ कंधारला राष्ट्रकूटकालीन शिलालेखही सापडला आहे. तो दहाव्या शतकातील तिसऱ्या कृष्णाच्या काळाशी जोडला जातो. त्यात क्षेत्रपालाचा आणि ‘जगत्तुंग समुद्र’ नावाच्या जलाशयाचा उल्लेख येतो. हा तलाव आजही गावाजवळ आहे. लेखात वाचलेले नाव आणि डोळ्यांसमोरचे पाणी यांची गाठ ज्या क्षणी पडते, त्या क्षणी ‘साधन’ आणि ‘पुरावा’ हे पुस्तकी शब्द जिवंत होतात. पाण्यासाठी वणवण पाहिलेल्या प्रदेशातील मुलांना हजार वर्षांपूर्वीच्या राजांनी तलावाला समुद्र का म्हटले असेल, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

७/ कंधारचा भुईकोट किल्ला म्हणजे सत्तांचे थरावर थर. राष्ट्रकूटांनंतर बहमनी, निजामशाही, मुघल, आसफजाही अशा राजवटींनी तेथे वावर केला. खंदक, तटबंदी, बुरूज, फारसी लेख सारे एकाच आवारात. मुले हमखास विचारतात, “मग हा किल्ला नक्की कोणाचा?” उत्तर देण्याची घाई करू नये. कोणता दगड कोणत्या काळाचा, हे ओळखण्यापासूनच उत्तराला सुरुवात होते.

८/ १६३१ मध्ये शाहजहानच्या फौजेने, नासिरी खानाच्या नेतृत्वाखाली, हा किल्ला वेढा घालून घेतला. या वेढ्याचे चित्र ‘पादशाहनामा’च्या सचित्र प्रतीत आहे. पयाग या मुघल चित्रकाराने ते काढले आणि ती प्रत आज इंग्लंडमध्ये विंडसरच्या राजसंग्रहात आहे. नावामुळे अनेकांना हे चित्र अफगाणिस्तानातील कंदाहारचे वाटते. वर्गात आधी चित्र पाहून मग किल्ल्यावर जावे आणि चित्रकाराने काय खरे दाखवले, काय कल्पनेने रंगवले, हे मुलांनीच ठरवावे.

९/ आता लातूर जिल्हा. लातूर-निलंगा मार्गावरील खरोसा (ता. औसा) येथे लेणी आहेत. ती साधारण सहाव्या शतकातील मानतात. शैव आणि वैष्णव शिल्पे, रामायण-महाभारतातील प्रसंग तेथे कोरलेले आहेत. अनेक आकृती झिजल्या आहेत. कारण दगडात आहे : वेरूळचा कातळ बेसाल्टचा, खरोशाचा जांभ्याचा. जांभा कोरायला सोपा, टिकायला अवघड. एकाच वर्षी दोन्ही लेणी पाहणाऱ्या मुलाला भूगोलाने इतिहासावर केलेले काम प्रत्यक्ष दिसते.

१०/ पानिपत प्रत्येक मुलाला माहीत असते. उदगीर किती जणांना? ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीर-औसा परिसरातील मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेला नमवले. सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, असीरगड, विजापूर यांसारखी ठाणी मराठ्यांच्या पदरात पडली. पुढच्या १४ जानेवारीला पानिपत झाले. विजय आणि विनाश यांत वर्षभराचेही अंतर नव्हते.

११/ या विजयात इब्राहिमखान गारदीच्या तोफखान्याचा मोठा वाटा होता. हाच इब्राहिमखान काही काळापूर्वी निजामाच्या चाकरीत होता आणि पुढे पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढून मारला गेला. धर्मावरून बाजू ठरवण्याची सवय लागलेल्या वयात, उदगीरच्या तटावर उभे राहून ही एक गोष्ट ऐकणे पुष्कळ काही शिकवते. उदगीरच्या तोफांवर विश्वास ठेवून भाऊ उत्तरेत गेले. तो विश्वास तेथे का पुरला नाही, हा प्रश्न मोठ्या मुलांसाठी राखून ठेवावा.

१२/ संग्रहालयाचे काय? लातूरपासून जवळच, धाराशिव जिल्ह्यात तेर आहे. १९८२ पर्यंत लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात होते. तेर म्हणजे प्राचीन तगर. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचे फार मोठे नगर असा येतो. तेथील कापड गाड्यांत भरून, बिकट वाटांनी भडोचच्या बंदराला जाई.

१३/ तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहनकालीन मृण्मूर्ती, मणी, भांडी आहेत. त्यांतील हस्तिदंती स्त्रीमूर्तीसमोर मुलांना थांबवावे. तशाच घडणीची मूर्ती इटलीतील पॉम्पेई येथे सापडली, आणि पॉम्पेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे तेर्णेकाठच्या कारागिरीचा नमुना रोमन घरापर्यंत पोहोचावा, इतके हे जग तेव्हाही एकमेकांशी जोडलेले होते. नकाशावर बोटाने ती वाट काढायला लावली, तर मुले रेंगाळतात.

१४/ हा संग्रह मुळात सरकारी मोहिमेतून उभा राहिला नाही. गावातील लामतुरे यांनी वर्षानुवर्षे गोळा केलेल्या वस्तूंतून तो उभा राहिला. मुलांना याचा अभिमान वाटावा, पण सोबत एक धडाही द्यावा. शेतात नाणे वा खापर सापडले तर खिशात घालू नये. जागा लिहावी, छायाचित्र घ्यावे, शिक्षकांना सांगावे. जागेवेगळी वस्तू अर्धी मुकी होते.

१५/ सहल आखणाऱ्यांसाठी थोडक्यात. एका दिवसात एकच स्थळ, फार तर दोन. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एकच प्रश्न द्यावा. छायाचित्राआधी दहा मिनिटे रेखाटन करावे, कारण हाताने काढताना डोळा खरे पाहतो. पाणी, टोपी आणि सावलीतील विश्रांती आधी ठरवावी. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे, निलंग्याचे नीलकंठेश्वर, औशाचा भुईकोट हे पुढील वर्षांसाठी ठेवावेत.

१६/ नांदेड शहरात सचखंड हुजूर साहिब आहे. गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण येथे १७०८ मध्ये झाले आणि महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात वास्तू उभारली. कंधारचा क्षेत्रपाल पडला, हे स्थान मात्र अखंड गजबजलेले राहिले. दोन्ही पाहिलेल्या मुलांना विचारावे : वास्तू टिकते ती दगडामुळे, की तिच्याकडे येत राहणाऱ्या माणसांमुळे?

१७/ या प्रश्नावर बरेच काही अवलंबून आहे. तटावर खिळ्याने नाव कोरणारा हात बहुधा अशा मुलाचा असतो, ज्याला ती भिंत कोणीतरी घाईघाईत दाखवली. पावलाचे माप घेतलेले, तलावाचे नाव लेखात शोधलेले मूल सहसा ओरखडा काढत नाही. उद्या तटाचा दगड कोणी घराच्या पायासाठी उचलू लागले, तर आवाज उठवणारेही तेच असेल. राज्यात संरक्षित स्मारके पुष्कळ आणि पहारेकरी थोडे. गावाशिवाय त्यांना दुसरा आधार नाही.

१८/ रायगडची सहल जरूर व्हावी. मात्र दहावीपर्यंतच्या दहा वर्षांत एक दिवस आपल्याच तालुक्यासाठी निघावा. खर्च कमी, प्रवास छोटा, आणि संध्याकाळी घरी परतलेले मूल आजीला सांगू शकेल, “आपल्या गावाचं नाव हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेलं आहे.”